चौथं ‘नको’

अच्युतराव पळसुल्यांना कुणी उलट प्रश्न केलेला खपत नसे. कारखान्यात नाही, मंडळात नाही, घरात तर नाहीच नाही. पण रेहेमाने विचारलं की हाच मनुष्य चष्मा पुसून, मांडी नीट घालून, “चांगला प्रश्न आहे हं,” म्हणत उत्तराला बसे. त्यांच्या पत्नी कमलिनीबाई हे बघून स्वयंपाकघरात गालातल्या गालात हसत.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. रेहेमा टांझानियाची. सरकारी शिष्यवृत्तीवर भोपाळला आलेली, विद्यापीठात राज्यशास्त्रात एम. ए. करत होती. पळसुल्यांची मुलगी प्रतिभा तिच्याच वर्गात. प्रतिभा पहिल्या वर्षानंतर लग्न होऊन ग्वाल्हेरला गेली, पण मैत्रिणीचं रविवारचं येणं सुरूच राहिलं. वसतिगृहाची मेस रविवारी संध्याकाळी बंद, आणि कोणाची का असेना, पोर उपाशी निजलेली कमलिनीबाईंना चालायची नाही. त्या बजावायच्या, “बसला उशीर झाला तरी चालेल, पण पिपलानीला, आमच्या वसाहतीपाशी, उतरायचं आणि जेवूनच जायचं.”

बोलणं सगळं हिंदीत. रेहेमाचं हिंदी वर्ग लावून शिकलेलं, त्यामुळे शुद्ध. अच्युतरावांचं हिंदी इतकी वर्षं भोपाळात काढूनही सदाशिव पेठेच्या बाहेर पडलेलं नव्हतं. ते “हम आ रहा है” म्हणत, ती “हम आ रहे हैं” म्हणून हळूच दुरुस्त करी, आणि ते रागावत नसत. आता बोला!

पोरगी चौकस भारी. कारखान्याचा भोंगा झाला की सगळी वसाहत एकदम सायकलवर का बसते? क्वार्टरच्या दारावर माणसाच्या नावाआधी त्याचं खातं का लिहितात? चहा बशीत का ओततात? आणि पहिल्याच महिन्यात तिने विचारलं होतं, “काकू, मी ‘नको’ म्हणते तरी तुम्ही भात वाढता. माझं हिंदी चुकतं का?”

कमलिनीबाई हसून म्हणाल्या, “चुकत नाही गं. आमच्यात पहिलं ‘नको’ मोजत नाहीत.”

“दुसरं?”

“दुसरंही नाही. तिसऱ्यांदा ताटावर आडवा हात धरलास, तर बघू.”

तेव्हापासून ती ताटावर हात धरायला शिकली, पण वाढणाऱ्या हाताची सवय तिच्यापेक्षा जुनी होती. त्यामुळे भात यायचाच. जेवायला अच्युतराव आणि रेहेमा बसत. बसता बसता अच्युतराव दर वेळी म्हणत, “तूही बस की गं.” कमलिनीबाई म्हणत, “नको, तुम्ही घ्या, मी मागून बसते.” आणि अच्युतराव वरणभात कालवायला लागत.

त्या वर्षी रेहेमाला एक मोठा निबंध लिहायचा होता. प्राध्यापकांनी सांगितलं होतं की पुस्तकातून उतरवू नका, एखादी निवडणूक डोळ्यांनी बघा, लहान असली तरी चालेल. आणि नेमकी तेव्हा आसपास कुठे ग्रामपंचायतीचीसुद्धा निवडणूक नव्हती. ती रडकुंडीला आली. अच्युतरावांनी मांडीवर थाप मारली.

“अगं, काखेत कळसा नि गावाला वळसा! आमच्या मंडळाची निवडणूक बघ की. पुढच्या रविवारी आहे.”

मंडळ म्हणजे वसाहतीतलं मराठी मंडळ. गणपती, कोजागिरी, एक नाटक, एक वाचनालय, आणि भांडणं वर्षभर पुरतील एवढी. अच्युतराव त्याचे अध्यक्ष, इतक्या वर्षांपासून की नव्या पोरांना वाटायचं, हे अध्यक्षपद क्वार्टरबरोबर मिळतं. यंदा तर मंडळाचा रौप्यमहोत्सव. मार्चमध्ये अच्युतराव निवृत्त होणार, क्वार्टर सोडून पुण्याला जाणार. म्हणजे हे शेवटचं वर्ष, आणि असं वर्ष. मांडव कुठे, मिरवणूक कुठून, स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर कारखान्याची चिमणी आणि गणपती शेजारी शेजारी कसे बसवायचे, हे सगळं त्यांच्या डोक्यात तयार होतं. ते कुणाला सांगत नसत, पण हे वर्ष त्यांना हवं होतं. जीव टांगला होता त्यात.

“किती उमेदवार आहेत?” रेहेमाने विचारलं.

“एकच. मी.”

“आमच्याकडेही पक्ष एकच, म्हणून राष्ट्राध्यक्षाला एकच नाव असतं,” ती उत्साहाने म्हणाली. “मतपत्रिकेवर हो किंवा नाही. तुमच्याकडे ‘नाही’ कुठे लिहितात?”

“लिहितात कशाला? आमच्याकडे मतदान होत नाही. एकमताने होतं सगळं.” आणि मग त्यांनी शाळामास्तरासारखं समजावून सांगितलं. आधी मंडळातला शांताराम उठून नाव सुचवतो. मग आपण म्हणायचं, नको, आता दुसऱ्या कुणाला तरी संधी द्या. लोक म्हणतात, छे, तुमच्याशिवाय कोण? आपण पुन्हा म्हणायचं, नको, प्रकृती साथ देत नाही. लोक पुन्हा आग्रह करतात. तिसऱ्यांदाही नको म्हणायचं, जरा हळू. मग लोक फारच गळ घालतात, आणि आपण हात जोडून म्हणायचं, आता तुमचा एवढा आग्रहच असेल तर. टाळ्या. चहा. बटाटेवडे.

रेहेमा लिहिता लिहिता थांबली. “पण तुम्हाला हवं असतं ना?”

“हो, म्हणजे, असतं.”

“मग ‘हो’ का नाही म्हणत?”

“पहिल्या झटक्यात हो म्हटलं तर हावरट दिसतं गं माणूस!”

“आणि लोकांना तुम्ही नको असाल, तर ते कधी सांगतात?”

“तोंडावर कोण नाही म्हणणार?”

ती पेन गालाला लावून विचार करू लागली. टोमणा बिमणा काही नव्हता, तिला खरंच समजून घ्यायचं होतं. “म्हणजे तुम्हाला हवं असून तुम्ही ‘नाही’ म्हणता. त्यांना नको असलं तरी ते ‘हो’ म्हणतात. मग काका, त्यांना तुम्ही खरंच हवे आहात की नाही, हे तुम्हाला कसं कळतं?”

अच्युतराव हसले. “कळतं, कळतं. इतकी वर्षं उगीच काढली का?” असं म्हणाले खरे, पण त्या दिवशी त्यांनी ताक न घेताच हात धुतला.

झालं, डोक्यात भुंगा शिरला. आठवडाभर तो काही बाहेर निघेना. कारखान्यात टर्बाइनच्या पात्यांची तपासणी करताना यशवंत समोर आला की त्यांना वाटे, हा दर वर्षी ‘तुमच्याशिवाय कोण’ म्हणतो, ते मनापासून की वडे गार होतील म्हणून? यशवंत हा त्यांच्याच खात्यातला इंदूरचा तरुण, मंडळाचा चिटणीस. त्यांनी एकदा आडून विचारूनही बघितलं, “काय रे, यंदा कोणाला करायचं?” यशवंत म्हणाला, “काय बोलून राहिले काका? तुम्ही आहात ना!” आता या उत्तरातून काय डोंबल कळणार?

गंमत बघा. ज्या माणसाने आयुष्यात कधी स्वतःला प्रश्न विचारला नाही, त्याला पन्नाशी उलटल्यावर खाज सुटली. आणि त्यातून त्यांना एक युक्ती सुचली. तीनदा नको म्हणायचा रिवाज आहे ना? आपण चौथ्यांदा म्हणून बघू. चौथ्यांदा जे बोलतील ते रिवाजाचं नसेल, ते खरं असेल. कमलिनीबाईंना त्यांनी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी तिथल्या तिथे त्यांना वेड्यात काढलं असतं.

रविवारी चार वाजता मंडळाच्या हॉलमध्ये सतरंज्या भरल्या. पुरुष एकीकडे, बायका एकीकडे, पोरं दारात चपलांवर नाचत. रेहेमा मागे भिंतीला टेकून वही उघडून बसली, शेजारी कमलिनीबाई. जमाखर्च वाचला, कुणी ऐकला नाही. मग शांताराम सावळे उठले, भांडारातले, भरघोस मिशांचे, आणि दर वर्षीच्याच शब्दांत म्हणाले, “अध्यक्षपदासाठी मी आदरणीय पळसुले साहेबांचं नाव सुचवतो.”

“नको, शांतारामपंत,” अच्युतराव म्हणाले, “आता दुसऱ्या कुणाला तरी संधी द्या.”

“छे, छे! तुमच्याशिवाय कोण?”

“नको. प्रकृती साथ देत नाही.”

“साहेब, रौप्यमहोत्सव आहे! तुम्हीच पाहिजे!”

“खरंच नको,” तिसरं, जरा हळू.

“असं कसं, असं कसं!” सगळा हॉल गलबलला. यशवंतने तर नारळ आणि हार हातात घेऊन ठेवला होता. हीच ती जागा. इथे हात जोडायचे. अच्युतरावांचे हात निम्मे वर आलेसुद्धा. मग त्यांनी ते खाली घेतले.

“नको,” ते म्हणाले. “मनापासून सांगतो. नको.”

हॉल गप्प झाला. कुणालाच पुढचं वाक्य माहीत नव्हतं, कारण पुढचं वाक्य कधी लागलंच नव्हतं. अच्युतराव वाट बघत राहिले. कान टवकारलेले. म्हणा की, अरे, म्हणा कुणीतरी!

शांताराम हळूच खाली बसले. मग पुन्हा उठले आणि कापऱ्या आवाजात म्हणाले, “मंडळी, साहेब चौथ्यांदा नको म्हणाले. आता आपण ऐकलं पाहिजे. दर वर्षी हा माणूस नको नको म्हणतो आणि आपण याच्या गळ्यात धोंड बांधतो. घरी गेल्यावर मला लाज वाटायची, देवाशपथ. ह्या वर्षी तरी त्यांना मोकळं करू या.”

“बरोबर आहे! बरोबर आहे!” सगळीकडून आवाज आले. आणि त्या आवाजांत खोटं काही नव्हतं हो! माया होती, अगदी भरभरून. अच्युतरावांनी तोंड उघडलं, पण आता काय म्हणणार? पाचव्यांदा ‘हो’ म्हणायचा रिवाज नव्हता.

“मग कोण?” यशवंतने हार सावरत विचारलं.

आणि बायकांच्या बाजूने वैजयंती दाभाडे उठल्या, वसाहतीच्या शाळेत इतिहास शिकवणाऱ्या. पदर खोचून म्हणाल्या, “मला आवडेल. मी करीन.”

एकदाही नको न म्हणता! हॉलमध्ये दोन-तीन भुवया वर गेल्या, कोणीतरी “अगं बाई” म्हणालं. पण नकारच नसल्यामुळे आग्रह करायलाही कुणाला जागा राहिली नाही. मग टाळ्या वाजल्या, आणि हार त्यांच्या गळ्यात गेला. अच्युतरावांनी सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांपेक्षा जोरात टाळ्या वाजवल्या. वडा मात्र त्यांना गिळवेना.

हॉलच्या पायरीवर यशवंतने त्यांना गाठलं. “काका, सुटले तुम्ही! आता आराम करा.” अच्युतराव म्हणाले, “हो रे बाबा, सुटलो,” आणि सायकल हातात धरून चालतच घरी निघाले. मागून दोघी बायका. रेहेमाने वही मिटून पिशवीत टाकली होती.

घरी कमलिनीबाईंनी पानं मांडली, नेहमीसारखी दोन. अच्युतराव पाटावर बसले. कमलिनीबाईंनी विचारलं, “पोळी?”

“नको,” ते म्हणाले.

आणि कमलिनीबाईंनी हात मागे घेतला. पोळी पुन्हा डब्यात गेली, झाकण लागलं. अच्युतराव त्या झाकणाकडे बघत राहिले. त्यांना सडकून भूक लागली होती.

“काका,” रेहेमा हळू आवाजात म्हणाली, “तुम्हाला अध्यक्ष व्हायचं होतं?”

“छे, छे, कुठे,” त्यांच्या तोंडून सवयीने निघालं. मग त्यांचा चेहरा कसनुसा झाला. “होतं,” ते म्हणाले. “फार व्हायचं होतं गं. मला फक्त बघायचं होतं, ते मनापासून बोलावतात का. मिरवणुकीचा रस्तासुद्धा ठरवून ठेवला होता मी.” डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी लपवलं नाही. “आणि पोळीही हवी आहे मला. दे.”

कमलिनीबाईंनी दोन वाढल्या. वर तूप घातलं. रेहेमाचे डोळे भरले होते. “माझ्या प्रश्नामुळे झालं,” ती म्हणाली.

“वेडी आहेस का! प्रश्न चांगलाच होता,” अच्युतराव नाक पुसत म्हणाले. “आमच्या लोकांचं चुकलं. माणूस नको म्हणाला म्हणून काय खरं मानायचं? अजून एकदा विचारायला काय झालं होतं त्यांना? जीभ झिजली असती?” आता त्यांचा आवाज चढला. गाडी रुळावर येत होती. “माणसाच्या मनात काय आहे, ते एकदा विचारून कळतं का? बरं, थंड होतंय. घे गं रेहेमा. तूही बस की गं.”

“नको,” कमलिनीबाई म्हणाल्या. “तुम्ही घ्या, मी मागून बसते.”

अच्युतरावांनी घास उचलला. तोंडापर्यंत नेला. आणि तिथेच त्यांचा हात थांबला. रेहेमा त्यांच्याकडेच बघत होती, काही न विचारता.

त्यांनी घास ताटात ठेवला. “कमल,” ते म्हणाले, “खरंच नको?”

कमलिनीबाई ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या.

“मंडळात तुम्हाला तीन-तीनदा विचारायचे,” त्या म्हणाल्या. “मला तुम्ही आज पहिल्यांदा दुसऱ्यांदा विचारलंत.”

अच्युतराव उठले. उष्ट्या हाताने उठू नये, हे त्यांनीच पोरांना शिकवलेलं, तरी उठले. डाव्या हाताने कोपऱ्यातला तिसरा पाट ओढला, आपल्या पानाशेजारी मांडला, आणि बायकोकडे बघत उभे राहिले.

“बसू?” कमलिनीबाईंनी विचारलं.

“बस,” ते म्हणाले. “मला हवी आहेस.”