बिडाच्या तव्यावरचं अंडं

तुम्ही काय करत होता, असं आबांना कुणी विचारलं तर ते "फाउंड्रीत होतो" असं साधं उत्तर कधीच देत नसत. "लोखंडाचं पाणी करत होतो," असं म्हणत आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघत राहत. समोरच्याने भुवया उंचावल्या की स्वारी खूश. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी खाक्या तोच. गटारावरचं झाकण असो, जिन्याचा कठडा असो, आबा वाकून बघणार, बोटाने टकटक करणार आणि निकाल देणार, "हा माल आमच्याकडचा नाही. आमचा असता तर असा बद्द वाजला नसता."

घरातही तेच. मुलगा आणि सून इमारतीच्या तळमजल्यावर कपड्यांना इस्त्री करून देण्याचं दुकान चालवत. आबा आल्यागेल्याला सांगत, "मी लोखंड वितळवलं आणि चिरंजीव त्याच लोखंडाने लोकांच्या पँटींना धार काढतात. चालायचंच." मुलगा हसून सोडून देई. बापाशी वाद घालायला त्याला वेळ नव्हता आणि तसा उत्साहही नव्हता.

नातीला आबा खिळा म्हणत. अंगाने काडी आणि कपाळ तेवढं मोठं, म्हणून खिळा. "ए खिळ्या, पाणी आण." "आबा, मी मुलगी आहे ना!" "मग खिळाबाई, पाणी आणा." यावर ती रोज हसायची, जसं काही पहिल्यांदाच ऐकतेय.

खिळ्याचं दुखणं जन्मापासूनचं. तिचं शरीर स्वतःचं रक्त धड तयारच करत नव्हतं. दर काही आठवड्यांनी हॉस्पिटलात नेऊन बाहेरचं रक्त चढवावं लागे. चढवलं की पोर घरभर उड्या मारी. मग हळूहळू ओठ पांढरे पडत, जिना चढताना ती मध्येच पायरीवर बसून राही, की पुन्हा हॉस्पिटल. दुसऱ्या कुणाच्या हाडातला मगज जुळला तर हे कायमचं बरं होतं म्हणे. घरात कुणाचाच जुळला नव्हता आणि बाहेरचा अजून मिळाला नव्हता. एवढं सगळं आबांना मान्य होतं. एकच गोष्ट त्यांच्या गळी उतरत नव्हती. डॉक्टरीणबाई म्हणत होत्या की पोरीच्या अंगात लोह जास्त झालंय.

"जास्त?" आबांनी सुनेला विचारलं होतं. "अगं, चेहरा बघ तिचा. चुन्यासारखा पांढरा. त्यात लोह जास्त?"

"आबा, ते साठून राहतं. काळजात, यकृतात. म्हणून औषध देतोय ना, ते काढायला."

"काढायला!" आबांनी कपाळावर हात मारून घेतला.

त्यांचंही खोटं नव्हतं. त्यांच्या बायकोला प्रत्येक बाळंतपणात चक्कर यायची. कारखान्याच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि बाई खडखडीत उभी राहिली. रक्त कमी म्हणजे लोह कमी, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. आणि आता ही कालची डॉक्टरीण उलटंच सांगत होती. घरातली लोखंडाची भांडी बंद करा. पालक कमी करा. जेवणाबरोबर पोरीला कोरा चहा द्या, म्हणजे अन्नातलं लोह अंगी लागणार नाही. अंगी लागू नये म्हणून उपाय! असलं काही आबांनी जन्मात ऐकलं नव्हतं. सुनेने त्यांच्या देखत बिडाचा तवा माळ्यावर टाकला, त्या दिवशी ते जेवले नाहीत. तो तवा त्यांनी फाउंड्रीत स्वतः ओतला होता, पळीत उरलेल्या रसातून, साहेबांची पाठ वळल्यावर.

मूग गिळून गप्प बसणं हा आबांचा स्वभाव नव्हे. पण सुनेशी भांडून काय उपयोग? त्यांनी दुसरी वाट धरली. दुपारी खिळा शाळेतून यायचा, तेव्हा मुलगा-सून दोघंही खाली दुकानात गुंतलेली. आबांनी स्टूल लावून तवा खाली काढला, गंज घासला, तेल लावून तापवला आणि त्यावर अंडं फोडलं. वर लिंबू पिळलं. लिंबाने तव्याचा काळा अंश अंड्यात उतरतो, हे त्यांना ठाऊक होतं, आणि तेच तर त्यांना हवं होतं. सुनेने झाकून ठेवलेला कोरा चहा त्यांनी स्वतःच पिऊन टाकला.

"आबा, हे काळं काय आहे?"

"ताकद आहे. गिळ."

पोरीला अंडं फार आवडलं. सुनेच्या गुळगुळीत भांड्यातल्या अंड्याला अशी कड यायची नाही. मग रोजचाच शिरस्ता पडला. अंडं झालं की तवा घासून, पुसून, पुन्हा माळ्यावर.

"आईला सांगू का?" तिने एकदा विचारलं.

"सांग की. मग अंडं बंद."

खिळ्याने अंड्याचा उरलेला तुकडा तोंडात टाकला. असल्या बाबतीत पोरं फार समजूतदार असतात.

आणि गुण आला! आठवड्याभरात पोरीच्या गालावर लाली दिसायला लागली. त्याच आठवड्यात तिला रक्त चढवलं होतं, हे आबा सोयीस्कर विसरले. पुढच्या वेळीही तसंच झालं. आबांनी मनाशी हिशोब मांडला, डॉक्टरीणबाई काढतात, मी भरतो, कुणीतरी भरायला हवंच. म्हातारा पोरीवर जीव टाकत होता, त्यात काडीची खोट नव्हती. म्हणून तर त्याला अडवणं कुणाच्या हातात नव्हतं.

इकडे तपासणीत लोहाचा आकडा चढत चालला. डॉक्टरीणबाई प्रत्येक वेळी सुनेला विचारायच्या, "औषध रोज घेते ना?" सून म्हणायची, घेते. सकाळी उपाशीपोटी पाण्यात विरघळवून द्यायचं औषध, खडूच्या भुकटीसारखं लागणारं. सून समोर बसून पाजायची, मग तोंड उघडायला लावून बघायची. तरी आकडा खाली येईना. तिच्या डोक्यात संशय शिरला की कार्टी थुंकून टाकते. तिने बेसिन बघितलं, खिडकीतल्या कुंड्या उकरून बघितल्या. एक दिवस राग अनावर झाला आणि तिने पोरीच्या पाठीत धपाटा घातला.

"खरं सांग, कुठे टाकतेस?"

"नाही टाकत गं आई. आईशप्पथ नाही टाकत."

खिळ्याने आबांकडे पाहिलं. आबांनी वर्तमानपत्र वर केलं. त्या क्षणी त्यांना स्वतःची शरम वाटली, हे खरं आहे. पण पोरीच्या भल्यासाठी एक धपाटा, असं म्हणून त्यांनी तीही गिळली.

मग डॉक्टरीणबाईंनी काळजाची तपासणी सांगितली. एमआरआय. त्याच दिवशी रक्तही चढवायचं होतं. मुलगा दुकानात थांबला, सून आणि आबा पोरीला घेऊन गेले. मशीनच्या खोलीबाहेर एक तरुण माणूस बसला होता. त्याने सुनेच्या केसांतल्या पिना काढायला लावल्या, किल्ल्या काढायला लावल्या.

"आत मोठं लोहचुंबक आहे. लोखंडाचं काहीही चालत नाही. मुलीबरोबर कोण येणार?"

"आबा!" खिळा म्हणाला.

आबांची छाती फुगली. त्या माणसाने त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "आजोबा, कधी लोखंडाचं काम केलंय? अंगात तुकडाबिकडा राहिलाय?"

हा काय विचारायचा प्रश्न झाला! आबांनी बाही वर केली आणि दंडावरचा गाठीसारखा डाग अभिमानाने पुढे केला. "साचा फुटला होता. डॉक्टर म्हणाले, राहू दे आत, काही करत नाही."

"मग तुम्ही बाहेरच थांबा."

"अहो, लोखंडात जन्म गेला माझा."

"म्हणूनच म्हणतोय."

सून आत गेली. दार लागलं. थोड्या वेळाने आतून ठोकाठोक सुरू झाली, कुणी पत्रा बडवावा तशी. आबांना फाउंड्रीतल्या आवाजांची भीती कधी वाटली नव्हती. या आवाजाची मात्र वाटली. त्या आवाजात, मशीनच्या बोगद्यात, खिळा एकटा आडवा पडला होता, आणि ते बाकावर बसून दंड चोळत होते.

दुपारनंतर डॉक्टरीणबाईंनी दोघांना आत बोलावलं. खिळ्याला नर्स वॉर्डात घेऊन गेली होती.

"हृदयात लोह साठायला सुरुवात झालीय," बाई म्हणाल्या. आवाज मऊ होता, त्यामुळेच जास्त लागला. "हे वाढलं तर हृदय थकत जातं. आपल्याला औषध बदलावं लागेल. मला खरं सांगा, औषध चुकतं का?"

"नाही चुकत," सून म्हणाली. "मी काय करू सांगा ना. मारलं हो मी तिला. तरी ती म्हणते..."  तिने पदराचं टोक तोंडात धरलं.

आबा टेबलावरच्या पडद्याकडे बघत राहिले. हृदय हा शब्द त्यांनी पहिल्यांदा ऐकला असं नव्हे. सुनेने सांगितलं होतं. पण सुनेने सांगणं वेगळं आणि समोरच्या पडद्यावर नातीचं काळीज काळं दिसणं वेगळं. फोटोत तो भाग काळाच होता, अंड्याच्या कडेला यायचा तसा.

"मी घातलं," ते म्हणाले.

"काय घातलं?"

"लोखंड. रोज. बिडाच्या तव्यात अंडं करून. वर लिंबू पिळून. चहासुद्धा मीच प्यायचो."

सून त्यांच्याकडे बघत राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं. "आबा," ती एवढंच म्हणाली, "मी पोरीला मारलं हो."

आबांनी हात जोडले. सुनेला की डॉक्टरला, त्यांचं त्यांनाच कळलं नाही. "आजपासून बंद. घरात खिळासुद्धा ठेवत नाही. मग उतरेल ना? माझ्यामुळे चढलं, मी थांबलो की उतरेल."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आजोबा, तवा बंदच करा. करायला नको होतं तुम्ही. पण एवढा आकडा तव्याने चढत नाही. तव्यातून येतं ते चिमूटभर."

"मग कशाने?"

"रक्ताने. आपण चढवतो ना, त्या प्रत्येक पिशवीत लोह असतं. तव्यातून महिनोन्‌महिने येणार नाही तेवढं एका पिशवीतून येतं. आणि शरीराला ते बाहेर टाकायची सोयच नाही. औषध काढतं, पण काही मुलांच्या बाबतीत ते पुरं पडत नाही."

"पण मी रोज देत होतो," आबा हट्टाने म्हणाले. "मोठी अंडी आणायचो. भरपूर लिंबू पिळायचो. तुम्हाला कल्पना नाही बाई, तो तवा जुना आहे, फार सुटतं त्यातून."

"आजोबा, तुम्ही काहीच दिलं नसतं तरी आज जवळपास हेच दिसलं असतं."

दुसरा कुणी असता तर त्याने सुटलो म्हणून श्वास सोडला असता. आबांचा चेहरा पडला. त्यांना दोषी व्हायचं होतं हो. दोष त्यांचा असता तर तो थांबवणं त्यांच्या हातात होतं. "माझंच चुकलं म्हणा ना," ते पुटपुटले.  बाई नव्या औषधाचं लिहायला लागल्या.

वॉर्डात खिळा पलंगावर पडून छताचा पंखा बघत होता. हातात सुई, वर टांगलेली लाल पिशवी, नळीतून एकेक थेंब पडत होता. सून पोरीच्या डोक्याशी बसली आणि तिचे केस कुरवाळत राहिली, कुरवाळतच राहिली. मग दुकानात फोन करायला म्हणून बाहेर गेली. आबा स्टुलावर टेकले. त्यांनी लोखंड लाल पाहिलं होतं, पिवळं पाहिलं होतं, पांढरं रटरटतानाही पाहिलं होतं. असं गुपचूप चालताना कधी पाहिलं नव्हतं.

"आबा, आईला कळलं?"

"कळलं."

"मग अंडं बंद?"

"बंद."

"रागावलास?"

"नाही गं, बाळा."

ती कुशीवर वळली आणि त्यांचा हात धरून डोळे मिटून पडली. वळताना तिचा सुई लावलेला हात कोपरात दुमडला. नळीतला थेंब अडकला, लोंबकळला आणि पडलाच नाही. आबा बघत होते. एक क्षण गेला, दुसरा गेला. पिशवी गप्प होती. आत काही जात नव्हतं, लोखंडसुद्धा. कुणी पाहिलं नव्हतं, आणि त्यांनी फक्त बसून राहायचं होतं.

पोरीचे ओठ पांढरे होते.

आबा स्टुलावरून धडपडत उठले. "सिस्टर!" ते ओरडले, अख्ख्या वॉर्डाने माना वळवल्या इतक्या मोठ्याने. "अहो सिस्टर, लवकर या! रक्त थांबलंय हो, चालू करा!"