नेडाच्या भिंतीवरचे पीच

मित्रांनो, मी एक जुनी शिडी आहे. भिंतीला टेकून उभी राहणारी नव्हे. मला पाय तीन: पुढे दोन आणि मागे एक लांब दांडा. पायऱ्या आठ. फळबागेत अशीच शिडी लागते. मागचा पाय फांद्यांमधून आत सरकवला की मी झाडाच्या पोटात शिरते आणि कशालाही न टेकता उभी राहते. तरुणपणी मला या गोष्टीचा फार गर्व होता.

अमेरिकेतल्या यूटा राज्यामधल्या विलो क्रीक गावात योर्गन होल्स्टेड नावाच्या सुताराने मला घडवले. त्याला कमी ऐकू यायचे, म्हणून तो लाकडाशीही मोठ्याने बोलायचा. प्रत्येक पट्टी डोळ्यांसमोर धरायची, जरा वाकडी दिसली की "तू चुलीत जा" म्हणून बाजूला टाकायची, असा त्याचा खाक्या. मी चुलीत गेले नाही. वेंडेल ओल्डरॉयडने लग्नाच्या वर्षी मला आपल्या पीचच्या बागेत आणले.

त्याची बायको नेडा. हडकुळी, उंच, केसांना कायम रुमाल बांधलेला. पीच ओढायचा नसतो, तळहातात धरून हलकेच फिरवायचा असतो, हे तिला कुणी शिकवावे लागले नाही. दुपारी बाकीचे जेवायला गेले की ती माझ्या वरच्या पायरीवर बसून राही आणि खोक्यांवर खुणा करायच्या लाल पेन्सिलीने खोक्याच्या झाकणावर चित्रे काढी. कुत्रा, डोंगर, वेंडेलची टोपी. चित्र झाले की झाकण खोक्यावर ठोकले जाई आणि पीचबरोबर बाजारात निघून जाई. तिला त्याचे काही वाटत नसे.

तिला वाईट वाटायचे ते दुसऱ्याच गोष्टीचे. ते मला बागेत फळे काढणाऱ्या बायकांच्या बोलण्यातून कळले.

आमचे गाव मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचे. महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळे उपास करतात आणि चर्चमध्ये ज्याला वाटेल तो उठून देवाने आपल्या आयुष्यात काय केले ते सांगतो. याला साक्ष देणे म्हणतात. लहान मुलेही उठतात. नेडा लग्नानंतर एकदाच उठली होती. समोरचा बाक धरून "मला..." एवढे म्हणाली, लालभडक झाली आणि खाली बसली. त्यानंतर अकरा वर्षे ती उठली नाही.

"तिच्याकडे सांगण्यासारखं काही नसेल," एक बाई फळे काढता काढता म्हणाली.

"नसेल कशाला, तोंड उघडायचा कंटाळा," दुसरी म्हणाली. ही झीना वॉडली. हिची जीभ सुरीसारखी आणि हात त्याहून चपळ. नेडा तेव्हा पलीकडच्याच झाडात होती. तिने सगळे ऐकले. मी तिच्या पायाखाली होते, म्हणून मला कळले की ती किती वेळ हलली नाही.

मग तो सप्टेंबर आला. पीच पिकायला लागले होते. आदल्या दिवशी बागेला पाणी दिलेले होते, आणि वेंडेलने घाईत माझा मागचा पाय ओल्या मातीत ठेवला. तो सहाव्या पायरीवर असताना माझा पाय खचला. मी खूप प्रयत्न केला, पण शिडीला स्वतःचा तोल सावरता येत नाही. तो पडला आणि त्याचे मांडीचे हाड मोडले.

गावातून मदतीला आलेला एकजण म्हणाला, "ही शिडी फोडून टाका."

वेंडेल गवतावर पडल्या पडल्या म्हणाला, "तिला हात लावू नका. पाय मी नीट रोवला नाही. तिनं काय केलं?"

मित्रांनो, माझ्याबद्दल यापेक्षा चांगले बोलणे मी आयुष्यात ऐकलेले नाही.

पण पीच थांबत नाहीत. आठवड्याभरात काढले नाहीत तर गळून सडतात, आणि ओल्डरॉयडांचे वर्षभराचे सगळे त्यांवरच. वेंडेल दवाखान्यात पाय टांगून पडलेला. मंगळवारी सकाळी नेडा एकटी बागेत आली, चार खोकी भरली आणि पाचव्याला माझ्यावर चढली. समोर पाचशे झाडे. तिने कपाळ फांदीला टेकवले. ती प्रार्थना करत होती.

तेवढ्यात रस्त्यावर ट्रकचा आवाज आला. नेडाने मान वर केली. उघड्या ट्रकमध्ये उभ्याने बायका येत होत्या, कमरेला अ‍ॅप्रन बांधलेल्या, डोक्याला रुमाल, हातांत बादल्या. पुढे आर्डिस पॉल्सन. ही रिलीफ सोसायटीची, म्हणजे चर्चमधल्या बायकांच्या मंडळाची, अध्यक्ष.

"बघत काय बसलीस," आर्डिस खालून म्हणाली. "कुठल्या बाजूनं सुरू करायचं ते सांग."

नेडाला तेही सांगता येईना. तिने हाताने दाखवले.

तीन दिवसांत बाग रिकामी झाली. सगळ्यांत जास्त खोकी झीना वॉडलीने भरली आणि सगळ्यांत जास्त कुरकुरही तिनेच केली. मऊ पडलेले पीच बायकांनी तिथेच सोलून, पाकात घालून बरण्यांत भरले. बागेत इतके हसणे मी कधी ऐकले नव्हते.

हिवाळ्यात मी शेडमध्ये खुंटीला टांगलेली असताना आर्डिस आली. नेडा खोक्यावर चित्र काढत होती.

"आपल्या मंडळाच्या खोलीतली ती भिंत बघवत नाही," आर्डिस म्हणाली. "नुसती पिवळी. बिशपला विचारलंय मी. तू त्यावर काहीतरी काढ."

"मी खोक्यांवर काढते, आर्डिस."

"मग भिंत म्हणजे मोठं खोकं समज."

दुसऱ्या दिवशी वेंडेलने काठी टेकत टेकत माझे तिन्ही पाय साबणाने धुतले आणि मला चर्चमध्ये नेले. बागेतली शिडी चर्चमध्ये. मला किती आनंद झाला म्हणून सांगू. फरशी चकचकीत, हवेत मेणाचा वास, आणि चिखल कुठेच नाही.

नेडा सात आठवडे रोज आली. आधी डोंगर झाला, मग झाडे, मग रस्ता. आर्डिसने दारावर चादर लावून दिली होती, कुणी आत डोकावायचे नाही. पण चित्र पुरे व्हायला थोडे उरले असताना चादर निसटली आणि मंडळाच्या बैठकीला आलेल्या पंचवीस-तीस बायका एकदम आत शिरल्या. नेडा माझ्या सातव्या पायरीवर, हातात ब्रश.

भिंतीवर ती सकाळ होती. ट्रक, बादल्या, अ‍ॅप्रन. प्रत्येकीने आधी स्वतःला शोधले, मग शेजारणीला, आणि खोलीत एकच गलका झाला. "अगं बघ, तुझा रुमाल." "मी एवढी जाड कुठं आहे?"

झीना मात्र पुढे होऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "हा माझा हिरवा चौकटीचा अ‍ॅप्रन," ती म्हणाली. "नेडा, मी इथं काय करतेय? ही देवाच्या घराची भिंत आहे. इथं ख्रिस्ताचं चित्र पाहिजे. पीच आणि बादल्या कशाला?"

एक-दोघींनी माना डोलावल्या. मला भीती वाटली की नेडा आता खाली उतरेल, आणि ती भिंत पुन्हा पिवळी होईल.

नेडा उतरली नाही. ती मागेही वळली नाही. तोंड भिंतीकडे ठेवून तिने ब्रश रंगात बुडवला आणि एक पान रंगवायला घेतले. आणि रंगवता रंगवता बोलू लागली.

"त्या दिवशी मी याच शिडीवर होते. मला वाटलं सगळं संपलं. प्रार्थनेत मी त्याला म्हटलं, आता तूच ये, मला दुसरं कुणी नाही." ब्रश हलत राहिला. "डोळे उघडले तर तुम्ही येत होतात. मी त्यालाच बोलावलं होतं, झीना. आणि तू आलीस."

पान पुरे झाले. तिने दुसरे घेतले.

"अकरा वर्षं तुम्ही माझ्या साक्षीची वाट बघताय. ती ही. मला एवढीच येते. येशू ख्रिस्ताच्या नावानं, आमेन."

"आमेन," आर्डिस म्हणाली. मग सगळ्या म्हणाल्या.

झीनाने चित्रातल्या आपल्या चेहऱ्याकडे बोट दाखवले. "माझं नाक तरी जरा लहान कर," ती म्हणाली.

नेडा हसली. इतकी हसली की मला माझे तिन्ही पाय घट्ट रोवावे लागले. ती खाली आली आणि ब्रश झीनापुढे धरला. "तूच कर. आणि झाडाला पीच कमी आहेत, एक तूही काढ."

झीना कुरकुरत माझ्यावर चढली. नाकाला तिने हात लावला नाही. पीच काढताना तीही भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "त्या दिवशी मला यायचंच नव्हतं. पाठ दुखते म्हणून आर्डिसला निरोप पाठवणार होते. अ‍ॅप्रन हातात घेऊन दारात उभी राहिले, आणि बांधला कधी ते मलाच कळलं नाही."

तेव्हापासून तो रिवाजच पडला. ज्या बाईला काही सांगायचे असेल आणि समोर बघून सांगता येत नसेल, ती माझ्यावर चढायची, एक पीच काढायची आणि पाठमोरी बोलायची. कुणी दोन बाळे गेल्यानंतर तिसरे जगले त्याबद्दल बोलली. कुणी बापाशी नऊ वर्षे धरलेला अबोला कसा सुटला ते सांगितले. आर्डिसने तर भोपळ्याएवढा पीच काढला आणि बोलण्यापेक्षा हसलीच जास्त. एकसष्ट पीच झाले. सगळ्यांच्या साक्षी मी पायऱ्यांवर पेलल्या. फळांपेक्षा त्या हलक्या होत्या, कारण उतरताना प्रत्येकीचे पाऊल चढतानापेक्षा अलगद पडायचे.

वेंडेल चित्र बघायला आला तेव्हा म्हणाला, "माझ्या पडण्याचा एवढा उपयोग होणार हे माहीत असतं तर आधीच पडलो असतो."

मित्रांनो, चांगले दिवसही जुने होतात. चर्चमध्ये अ‍ॅल्युमिनियमची शिडी आली, चंदेरी, हलकी. मला रंगमंचामागच्या कोठडीत ठेवले, घडीच्या खुर्च्या आणि नाताळच्या नाटकातल्या मेंढपाळांच्या काठ्यांबरोबर. माझ्या दोन पायऱ्या मोडल्या. आर्डिस गेली, झीना गेली, वेंडेलही गेला. भिंतीवरचे पीच बघत नव्या बायका मोठ्या झाल्या, पण ते कुणाचे होते हे विचारणारे कमी होत गेले. मी अंधारात होते. दार उघडले की माझ्यावर काहीतरी अडकवायला उघडते, असे मला वाटू लागले.

एका हिवाळ्यात छपरात पाणी मुरले आणि भिंतीचा वरचा भाग ओला होऊन रंगाचे पोपडे निघाले. तोपर्यंत त्याच इमारतीत स्पॅनिश बोलणाऱ्या कुटुंबांचीही सभा भरू लागली होती. त्यांतली ओदिलिया चोक ही ग्वाटेमालाची. लहानपणी ती बापाबरोबर बसगाड्यांवर फुले आणि अक्षरे रंगवायची. चित्र मी दुरुस्त करते, असे तिने स्वतःहून सांगितले. पण भिंतीसमोर आता पियानो होता, आणि चार पायांची चंदेरी शिडी तिथे मावेना. शोधत शोधत ती कोठडीत आली. माझ्यावरची जळमटे काढली, माझा लांब दांडा हाताने चाचपला आणि हसली. दोन नव्या पायऱ्या तिने स्वतः बसवल्या. पियानोच्या बाजूने माझा एकटा पाय अलगद आत सरकला.

नेडाला तिच्या मुलीने गाडीतून आणले. शहाऐंशी वर्षांची नेडा खाली खुर्चीवर बसून सूचना देऊ लागली.

"तो पीच आहे, टोमॅटो नाही."

"सिस्टर, टोमॅटो पाण्यानं केला. मी नाही," ओदिलिया वरून म्हणाली. नेडाची भाषा तिला मोडकीतोडकीच येत होती, पण उत्तर द्यायला पुरेशी.

ओदिलिया एकेका पीचवर बोट ठेवी आणि नेडा सांगे: हा झीनाचा, हा तिसरे बाळ जगलेल्या थेल्डाचा, हा भोपळा आर्डिसचा. एकही चुकली नाही. वरच्या फांदीवर एक जागा पार रिकामी झाली होती. नुसता चुना दिसत होता.

"हा कुणाचा?"

"तो माझा," नेडा म्हणाली. "तो राहू दे. तिथं तुझा काढ."

"मला पीच नाही येत. आमच्या अंगणात आंबा होता."

"मग आंबा काढ."

"पीचच्या झाडाला?"

"झीना असती तर भांडली असती," नेडा म्हणाली. "काढ तू."

ओदिलियाने पिवळा रंग घेतला. भिंतीकडे तोंड करून ती आंबा काढू लागली आणि बोलू लागली, आपल्या भाषेत, आधी हळू, मग थांबता थांबेना. ती कुणाबद्दल बोलत होती, मला कळले नाही. नेडालाही एक शब्द कळत नव्हता. पण ती खुर्चीवरून उठली, दोन्ही हातांनी मला धरले आणि वरचा आवाज थांबेपर्यंत तशीच उभी राहिली. शेवटचे दोन शब्द, ख्रिस्ताचे नाव आणि आमेन, मात्र आम्हा दोघींनाही ओळखता आले.

"आमेन," नेडा म्हणाली.

मित्रांनो, आता दर वर्षी मला जवसाचे तेल मिळते. झाडावर आज त्रेसष्ट फळे आहेत, त्यांत दोन आंबे आणि एक पपई. तुमच्या घरी माझ्यासारखे काही जुने पडले असेल तर त्याच्या मोडक्या पायऱ्या बघून फेकू नका. दोन खिळे आणि थोडे तेल पुरते. आणि कुणी बोलताना अडखळत असेल, तर त्याच्याकडे टक लावून बघू नका. त्याच्या हातात ब्रश द्या आणि खाली शिडी धरून उभे राहा.