गाळलेली चौकट

भूकंपानंतर पत्र्याच्या शेडात राहताना आमच्या गावाने एक रीत धरली. वाईट बातमी उभ्या उभ्या सांगायची नाही. आधी माणसाला बसवायचं. त्याच शेडात, चाळिशी उलटल्यावर, मी अक्षरं शिकले. पुढे लातुरात एका क्लासच्या मुलींच्या हॉस्टेलवर रेक्टर झाले. टेस्टमध्ये घसरलेली मुलगी खालच्या बॅचला जायची असली की आधी मी तिला माझ्या खोलीत बसवून सांगायची. मग दोघी मिळून घरी फोन करायचो.

क्लासने कॉम्प्युटरवर सगळी कामं चालवणारी सिस्टीम आणली. पडद्यावर प्रत्येक कामाची एक चौकट, एकीतून दुसरीत बाण. माझ्या कामाचीही होती. बिनकामाच्या चौकटी सिस्टीम आपणहून गाळायची. माझ्या बोलण्याने एकाही मुलीची बॅच बदलली नाही, एवढं तिने पाहिलं आणि मला गाळलं. मला सांगितलं कुणीच नाही.

कळलं ते अक्षराच्या वडिलांच्या, वीरभद्रप्पांच्या ओरडण्याने. शिरूर अनंतपाळला, दुकानात बसल्या जागी त्यांना सिस्टीमचा थेट मेसेज गेला होता, मुलगी खालच्या बॅचला गेली म्हणून. ते गाडी करून तडक आले आणि भर मेसमध्ये लेकीवर तुटून पडले.

"याच्यासाठी पाठवलं का तुला लातूरला? खालच्या बॅचात बसायला?"

अक्षराचा घास हातातच राहिला. तिला काहीच ठाऊक नव्हतं. सगळ्या पोरी बघत होत्या.

"अहो, अंगात ताप असताना पेपर दिला तिनं!" मी मध्ये पडले.

"मंग आधी का न्हाई सांगितलं?"

सिस्टीम बघणारा सोमेश दारात उभा होता. "मावशी, ती पायरी आपोआप गेली. मी हात लावला न्हाई."

"नजर तर टाकायची होतीस!"

"पण तुमच्या बोलण्यानं निकाल कुठं बदलत होता?"

"मयतीला गेल्यानं मेलेला उठतो का रे? तरी जातोस ना?"

वीरभद्रप्पा नरमले. "ऱ्हा बाळ हितंच." पण तोवर अक्षरा बॅग भरून आली होती.

"ह्या पोरींत मी तोंड दाखवणार न्हाई, अप्पा."

गाडी गेली. सोमेश पुटपुटला, "चौकट आजच परत टाकतो."

मी त्याचं मनगट धरलं. "चल शिरूरला. तिच्यापुढं बसायचं आणि चूक आमची हाय, असं तुझ्या तोंडानं सांगायचं. मग ती येईल न्हाईतर न येईल."

"आत्ता? क्लासचे सर काय म्हणतील?"

"सरांना मेसेज टाक," मी म्हणाले आणि त्याला ओढतच स्टँडकडे निघाले.