पाण्याचा रकाना

"‘तीनशे बालकांकडून दोन्ही पद्धतींनी घेतलेल्या नमुन्यांपैकी दोनशे सत्त्याऐंशी जोड्यांत निकाल सारखाच आला. सबब, नाकाच्या तोंडाशी घेतलेला नमुना हा खोलवर घेतलेल्या नमुन्याइतकाच विश्वासार्ह आहे.’" चौकशी अधिकाऱ्यांनी परिच्छेद वाचून संपवला आणि चष्म्यावरून समोर पाहिले. "हा अहवाल तुम्हाला मान्य आहे ना, बाई?"

वाक्य सुबक होते. त्यात एकही आकडा खोटा नव्हता, आणि तरीही ते वाक्य आरपार खोटे होते. असे वाक्य लिहायला शिक्षण लागते. ‘दोन्ही पद्धतींनी’ म्हटले की वाचणाऱ्याला दोन काड्या दिसतात. ‘जोड्या’ म्हटले की दोन वेगळ्या वस्तू शेजारी मांडल्यासारख्या वाटतात. आणि ‘सबब’ तर मोठा गुणी शब्द. त्याच्या पलीकडे एकदा पाऊल पडले की अलीकडे काय होते, हे विचारायला कोणी मागे फिरत नाही.

जिला प्रश्न विचारला होता तिला सारे रुग्णालय काडीताई म्हणत असे. सव्वीस वर्षे ती आजारी मुलांच्या नाकात कापसाची बारीक काडी घालून तपासणीचा नमुना घेत आली होती. वॉर्डात ती दिसली की मुले अंथरुणात तोंड खुपसत. काडीताईला त्याचे वाईट वाटत नसे. "मी काय मावशी म्हणून आलेय का?" ती म्हणायची, "घाबर बाबा, पण हलू नको."

तिचे कसब साधे आणि दुर्मीळ होते. नाकपुडीपासून कानापर्यंतचे अंतर डोळ्यांनी मोजायचे, त्याच्या निम्म्यापर्यंत काडी सरळ मागे न्यायची, वर नाही; मागची भिंत लागली की दहा अंक मोजेपर्यंत हळू फिरवायची. काडी योग्य जागी पोचली की मुलाच्या डोळ्यात आपोआप पाणी येते. ते दुखण्याचेच असते असे नाही. ती जागाच तशी. विषाणूंची वस्ती तिथे दाट. म्हणून काडीताईच्या स्वतःच्या वहीत वेळ आणि नाकपुडी यांच्या शेजारी एक रकाना होता, जो कोणत्याही सरकारी तक्त्यात नव्हता. त्याचे शीर्षक होते ‘पाणी’. त्यात ती ‘आले’ किंवा ‘नाही’ लिहायची. दर शनिवारी विभागप्रमुख त्या वहीवर सही करत. वाचत किती, हा प्रश्न वेगळा.

दोन वर्षांपूर्वी विभागप्रमुखांनी तुलनेचा अभ्यास काढला. प्रत्येक मुलाच्या एका नाकपुडीच्या तोंडाशी आखूड काडी फिरवायची, दुसरीत लांब काडी खोल घालायची आणि दोन्हींचे निकाल ताडून पाहायचे. कल्पना रास्त होती. आखूड काडी चालली असती तर मुलांचे रडणे वाचले असते, आणि काडीताईसारख्या तरबेज हातांची गरजही उरली नसती. पण दोनदा काडी घालायला आईबाप तयार होईनात. सारा हंगाम सरत आला तेव्हा जोड्या झाल्या होत्या एकसष्ट. त्यांत लांब काडीने चाळीस आजारी मुले पकडली होती आणि आखूड काडीने सत्तावीस. तेरा निसटली होती. तीन आजारी मुलांत एक.

"काडीताई, इकडे या," विभागप्रमुखांनी दार लावून घेतले. "उरलेल्या जोड्यांसाठी लांब काडी एकदाच घाला. तीच नमुन्याच्या दोन्ही नळ्यांत बुडवा."

"साहेब, मग ती जोडी कसली? एकाच माणसाला पुढून आणि मागून मोजायचं आणि दोघं सारख्या उंचीचे निघाले म्हणायचं."

"तुम्ही फार बोलायला लागलात हल्ली. परिषद तोंडावर आलीये. तीनशे सांगितलेत मी."

"पण ती तेरा..."

"तेरांचं मी बघतो."

काडीताईने काडी बुडवली. दोनशे एकोणचाळीस वेळा. ती शूर नव्हती आणि तसा आवही तिने कधी आणला नाही. वहीत मात्र तिने बासष्टाव्या जोडीपासून प्रत्येक जोडीपुढे लिहिले: ‘साहेबांच्या सांगण्यावरून एक काडी, दोन नळ्या. पाणी एकदाच.’ खोटे काम करतानाही खरी नोंद ठेवायची तिची खोड काही गेली नाही.

मग अहवाल आला, टाळ्या आल्या आणि लांब काड्या कपाटातून गेल्या. प्रत्येक भिंतीवर आखूड काडीचा आदेश चिकटवला गेला. मुले रडेनाशी झाली. आईबाप खूश होते. रुग्णालयाच्या इतिहासात एवढा लोकप्रिय निर्णय झाला नव्हता, आणि एवढा घातकही.

चार महिन्यांपूर्वी खोकणारी तीन वर्षांची एक मुलगी आली. काडीताईने आदेशाप्रमाणे आखूड काडी फिरवली. मुलगी गुदगुल्या झाल्यासारखी हसली. वहीत नोंद झाली: ‘पाणी नाही.’ तपासणीत संसर्गही ‘नाही’ आला.

"सिस्टर, कागद नाही म्हणतोय, पण ही पोरगी वेगळी ठेवा हो," काडीताईने वॉर्डाच्या परिचारिकेला विनवले. "काडी पोचलीच नाहीये."

"ताई, कळतं मला. पण ‘नाही’ आल्यावर वेगळी खोली मागितली तर वरून मलाच विचारतील. काय सांगू, काडीताईला वाटतंय?"

मुलगी दुहेरी खोलीत गेली. शेजारच्या खाटेवर पाच महिन्यांचे एक बाळ होते, हृदयाला भोक असलेले, शस्त्रक्रियेच्या तारखेची वाट पाहणारे. आठव्या दिवशी ते बाळ गेले. त्याच्या श्वासनळीत जो विषाणू सापडला, तोच त्या मुलीकडे दुसऱ्या तपासणीत सापडला. प्राथमिक चौकशीने तत्परतेने कारण शोधले: ‘पद्धत निर्दोष आहे, नमुना घेणाऱ्या कर्मचाऱ्याची हलगर्जी.’

विभागप्रमुखांनी मग मायेने समजावले होते. ताकीद निमूट घ्यावी, विषय मिटेल, निवृत्तीला दीड वर्ष तर राहिलेय.

आदल्या संध्याकाळी काडीताईने वही जेवणाच्या टेबलावर ठेवली. तिचा नवरा शिलाई मशिनी दुरुस्त करत असे. यंत्रासारखाच तो शांतपणे उघडून पाहणारा माणूस. त्याने सगळी पाने उलटली.

"ही दिलीस तर आधी तूच बुडशील," तो म्हणाला.

"माहितीये."

"दोनशे एकोणचाळीस वेळा लिहिलंयस स्वतःच्या हातानं. चोरसुद्धा एवढा पुरावा ठेवत नाही गं."

"आणि नाही दिली तर कागदोपत्री ते बाळ माझ्या हातानं गेलं. शिवाय ती काडी भिंतीवर तशीच राहिली. उद्या दुसरं कोणाचं तरी..."

त्याने वही बंद केली, तिला जुन्या कापडात बांधले आणि गाठ मारली. "मी म्हटलं म्हणून तू थांबणार आहेस थोडीच. सव्वीस वर्षं तुझ्या काडीच्या धाकानं मी घरात शिंकलो नाही."

सकाळी चौकशीच्या खोलीबाहेर बाकावर बाळाची आई बसली होती. तिच्या मांडीवर कागदांची फाइल होती. ती दोन्ही हातांनी, तान्ह्याची मान सावरून धरल्यासारखी धरली होती.

"नमुना तुम्हीच घेतला होता ना, त्या मुलीचा?"

"हो."

"नीट घेतला नव्हता?"

"नियमाप्रमाणे घेतला होता."

"मी ते नाही विचारलं," आई म्हणाली.

एवढ्या वर्षांत इतक्या सरळ मागे, इतक्या खोल काडीताईपर्यंत कोणी पोचले नव्हते.

आणि आता चष्म्यावरून तो प्रश्न तिच्यासमोर होता: अहवाल मान्य आहे ना?

"नाही," काडीताई म्हणाली. तिने गाठ सोडली. "यातल्या दोनशे एकोणचाळीस जोड्या खोट्या आहेत. त्या माझ्या हातच्या आहेत, ते आधी लिहा. मग बाकीचं वाचा."

चौकशी अधिकारी पाऊण तास वाचत होते. टंकलेखक थांबला होता. मागच्या खुर्चीवर बाळाची आई बसली होती. विभागप्रमुखांनी दोनदा घड्याळ पाहिले.

"कष्ट वाचवायला बाईंनीच केलं असणार हे," ते अखेर म्हणाले. "आणि आता माझं नाव पुढे करतायत. मी शेकडो वह्यांवर सह्या करतो. प्रत्येक ओळ वाचत बसलो तर विभाग कोण चालवणार?"

"ही ओळ वाचली होती तुम्ही," चौकशी अधिकाऱ्यांनी वही त्यांच्याकडे वळवली. बासष्टाव्या जोडीच्या पानाखाली सही होती आणि सहीवर त्याच शाईत, त्याच अक्षरात तीन शब्द: ‘ठीक. पुढेही असेच.’

विभागप्रमुखांनी ते तीन शब्द बराच वेळ पाहिले, एखाद्या कनिष्ठाची चूक पाहावी तसे.

"अक्षर तुमचं आहे?"

"दिसतंय तसं."

"मग निकाल न जुळलेल्या त्या तेरा मुलांचं काय केलंत?"

काडीताईने वहीचे कापड घडी करून मांडीवर ठेवले. टंकलेखकाची बोटे चालू झाली. विभागप्रमुखांचे उत्तर नोंदीत शब्दशः असे आहे:

"एका काडीनं दोन नळ्या भरायला मीच सांगितलं. तेरा निसटली हे मला ठाऊक होतं, म्हणूनच तर तीनशे जोड्या हव्या होत्या. एकसष्टात तेरा डोळ्यात भरतात. तीनशेत दिसत नाहीत."