दोन शिफ्टची गोळी

खाणीच्या कॅन्टीनपुढे अख्खी वसाहत लोटली होती. दरड कोसळून रस्ता बंद, बाहेरून दाणा येत नव्हता. आमच्यातच अडकलेले एक बाबा बोराएवढी गोळी उंच धरून सांगत होते, "एक गोळी, वर तांब्याभर पाणी. भूक गायब." सूर्याचं तेज आटवून केली म्हणे! ऊन उतरलं की बाबांना स्वतःला मात्र स्वेटर लागायचा.

पण भूक खरंच गायब व्हायची. आमच्याकडे अन्नाची किंमत शिफ्टवर ठरते. पाव अर्धी शिफ्ट टिकतो, डाळभात एक. गोळी दोन टिकली. मग काय, लोक घरातली डाळ बाबांच्या खोलीत नेऊन द्यायला लागले आणि बदल्यात गोळ्या घेऊ लागले. मी कॅन्टीनची आचारीण. "शेळ्या झुडपं खाऊन दूध देतात, त्यांना राखा. कोंबड्या आपल्याच वाट्याचे दाणे टिपतात, त्या आधी कापा. डाळ पुरवून खा," असं मी घसा फोडून सांगत होते. ऐकतंय कोण?

माझी धाकटी बहीणही गोळीवर होती, आणि तिचं बाळ अंगावर पिणारं. तिचं दूध आटत गेलं. बाळ रडून रडून थकलं, मग रडायचंही थांबलं. चारी बाजूंनी डोंगर. बाळाला बाहेर न्यायलाही वाट नाही.

शेवटी खाणीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना मी ओढतच आणलं. त्यांनी सगळ्यांसमोर गोळी पेल्यात टाकली, वर पाणी ओतलं आणि थांबल्या. हळूहळू पेला बुळबुळीत लगद्याने भरला.

"इसबगोल आहे," त्या म्हणाल्या. "पोट साफ व्हायला मीच देते. पाण्याने फुगतं, म्हणून भूक लागत नाही. पण अंगाला काही मिळत नाही. दूध कशाचं होणार?"

बाबा म्हणाले, श्रद्धा कमी पडली. बहीण उठली. सरळ त्यांच्या खोलीत शिरली आणि डाळीचं पोतं ओढत बाहेर आली.

संध्याकाळी मी वाढत होते, तर रांगेत ताट घेऊन बाबा उभे. "का हो, गोळ्या संपल्या?" मी विचारलं.

"मी कधी घेतलीच नाही," ते खाली बघून म्हणाले.

मी त्यांनाही वाढलं. बहीण पुन्हा डाळभात जेवू लागली, तिला दूध आलं. रस्ता उघडायच्या आधीच बाळ अंगात जोर येऊन पुन्हा भुकेने टाहो फोडायला लागलं, आणि तो आवाज ऐकून मी चुलीपुढे रडले.

म्हणून सांगते, कोणी चमत्कार हातावर ठेवला तर तोंडात टाकायच्या आधी पेल्यात टाकून बघा. आणि देणारा स्वतः काय जेवतो, तेही विचारा.