बिघाड माझ्यात नव्हता

न्हाणीघरातला नळ वाहत होता, हाडे गोठवणाऱ्या थंड पाण्याने. फर्गस प्लंबरने माझी तपासणी संपवली आणि मीटर पिशवीत टाकला.

"हिला काहीही झालेलं नाही. भिंतीवरचं बटण बंद आहे, बस्."

"सकाळी मीच चालू केलं होतं," नूला म्हणाली.

दोघांनीही तिच्या वडिलांकडे पाहिले. म्हातारा मॅलकी स्वतःच्या बुटांकडे पाहत राहिला.

"काका, आता तुमच्या अंगठ्याला मीटर लावून बघू का?" फर्गसने विचारले.

मित्रांनो, आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या या घरात, जिन्यालगतच्या कपाटात उभी असलेली मी पाणी तापवणारी जुनी टाकी आहे. तांब्याचा पत्रा ठोकून मला घडवले, पोटात कॉइल बसवली आणि मॅलकी-डिम्प्नाच्या नव्या संसारात आणून उभे केले. माझ्या उबेवर डिम्प्नाने दुपटी वाळवली, पावाची कणीक फुगवली. "तू आहेस म्हणून हे घर आहे गं," असे म्हणत ती मला थोपटत असे. मॅलकीला मात्र माझे बटण म्हणजे वीजबिलावाटे मिळकत पळून जाण्याची चोरवाट वाटे. समुद्रावर निघालेली गाडी त्याने एकदा अर्ध्या वाटेवरून, रडणाऱ्या पोरांसकट, परत फिरवली. बटण बंद केले की नाही, एवढेच पाहायला! तेव्हा डिम्प्ना पोट धरून हसली होती. म्हणून मीही राग धरला नाही.

आज धरला आहे. हिवाळ्यात डिम्प्नाला झटका आला. वाचा गेली, उजवे अंग गेले. तिला न्हाऊ घालायला नूला रोज येऊ लागली. ती बटण दाबून वळली, की मागोमाग मॅलकीचा अंगठा येई. नळाला थंड पाणी आले की तो म्हणे, "टाकी गेली, पोरी. जुनं झालं की जातंच."

जातंच! माझ्या पोटातली धग शाबूत असताना त्याने मला मेलेली ठरवले. किटलीभर तापवलेल्या पाण्यात बाईचे केस धुऊन होत नाहीत. पलीकडच्या खोलीत ओल्या फडक्याखाली डिम्प्ना शहारत होती, आणि 'थंड' एवढा एक शब्द तिच्या ओठांवर येत नव्हता.

मित्रांनो, पाणी तापत नसेल तर फ्यूज पाहा, बटण पाहा, मग त्या बटणावरचा हातही पाहा. आम्हा मुक्या वस्तूंवर खुशाल आळ घ्या. पण त्या आळाखाली एखाद्या मुक्या माणसाला गारठत ठेवू नका.

नूलाने बटण दाबले. तांबडा दिवा लागला. माझ्या तळाशी पाणी कुजबुजू लागले.

"बाबा, आज आईचे केस धुवायचेत. ते होईपर्यंत याला हात लावायचा नाही. कबूल?"

मॅलकीचा अंगठा सवयीने बटणाकडे निघाला, मध्येच थबकला. तो हात त्याने कोटाच्या खिशात कोंबला, खुंटीवरची टोपी उचलली आणि कोंबड्यांच्या खुराड्याकडे निघून गेला.