बादलीतला रोल

मी एक जुना कृष्णधवल फिल्मचा रोल आहे. मित्रांनो, माझ्या अंगावर चांदीच्या क्षारांचा पातळ थर असतो. उजेडाचा क्षणभराचा स्पर्शही तो विसरत नाही. म्हणूनच नको तेव्हा उजेड लागला, तर मी काळाठिक्कर पडतो.

मला कॅमेऱ्यात भरलं ते शिवणकाम करणाऱ्या एका ताईच्या धाकट्या भावाने. ताईला मोठा तलाव पोहून पार करायचा होता. पोहण्याच्या क्लबात तशा वीरांचा फलक होता, पण त्यावर एकाही बाईचं नाव नव्हतं. सचिव म्हणाले होते, "पलीकडच्या काठाला हात लावल्याचा फोटो आणा, मग बघू."

ताई पाण्यात उतरली. भाऊ होडीतून फोटो काढत राहिला. मध्येच वारा उलटा फिरला, ताईचे ओठ निळे पडले.

"पुरे झालं, ये होडीत!" भाऊ ओरडला.

"तू फोटो काढ," एवढंच ती म्हणाली.

अखेर तिने काठाच्या दगडावर तळवा टेकवला. तो क्षण टिपायला भाऊ इतका वाकला, की बटण दाबलं आणि होडीच कलंडली. कॅमेऱ्यासकट मी पाण्यात!

भावाने चाचपडत कॅमेरा वर काढला. "झाकण उघडून उन्हात ठेवतो. वाळेल लगेच."

"खबरदार!" ताईचे दात वाजत होते. "उजेड लागला की सगळं गेलं. आणि अर्धवट वाळला, तर गुंडाळीचे थर एकमेकांना चिकटतील. फोटोवाल्या काकूंनी बजावलंय, भिजलेला रोल भिजलेलाच आणायचा."

काठावरच्या एका घरातून तिने बादली मागून घेतली. पाण्याने भरलेल्या त्या बादलीत कॅमेरा बुडवून दोघं बसमध्ये चढली.

"मासे का?" कंडक्टरने विचारलं.

"नाही, मीच आहे आत," ताई म्हणाली.

काकूंनी अंधाऱ्या खोलीचं दार लावून घेतलं. मला फक्त कडांना धरून हळूहळू उलगडलं, चित्रं उमटवणाऱ्या रसायनांतून काढलं, धुतलं आणि चिमट्याला टांगलं. मीही हट्टाला पेटलो होतो. काही चित्रांवर डाग पडले, एक तर पुरतं पुसलं गेलं. पण शेवटचं मी सोडलं नाही.

सचिवांनी भिंग लावून बराच वेळ पाहिलं. "फोटो वाकडा आलाय."

"हात तर काठावरच आहे ना?" ताईने विचारलं.

सचिवांनी भिंग खाली ठेवलं. मग त्यांनी फलकावर ताईचं नाव लिहायला रंगाऱ्याला बोलावलं.

पुढे माझ्या पट्ट्या कापल्या गेल्या आणि एका दमट कपाटात पडून राहिल्या. कुणी बोटांचे ठसे उमटवले, कडांना बुरशी लागली. अलीकडे ताईच्या भाचीने मला हलक्या हाताने पुसून कोरड्या, थंड जागी ठेवलं.

मित्रांनो, तुमच्या घरात माझी भावंडं असतील. त्यांना ऊन, ओल आणि तेलकट बोटं लागू देऊ नका. मला तर अजून टिकायचंच आहे. क्लबात नव्याने आलेल्या मुली त्या वाकड्या फोटोची प्रत मागतात, आणि दर वर्षी त्यांची संख्या वाढतेच आहे.